करमत नाही

तालुक्याचं नाव आंबेगाव, पण तहसील कचेरी घोडेगावला. नवा माणूस हमखास विचारतो, "मग आंबेगाव कुठंय?" घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याखाली. घोड नदी अडवून केलेल्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. बुडालेल्या गावाचं नाव अख्ख्या तालुक्याच्या सातबाऱ्यांवर आणि शाळेच्या दाखल्यांवर रोज नव्यानं लिहिलं जातं, असा योग फार थोड्या मुलखांच्या वाट्याला येत असेल. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. काठावर उभी सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं हात लांब करून दाखवतात, "ते तिथं आमचं दार." तिथं आपल्याला नुसता गाळ दिसतो. पण त्यांचं बोट इकडं-तिकडं फिरत नाही, एका जागेवर रोखलेलं असतं.

या संग्रहातले लेख अशा माणसांविषयी आहेत. उतारवयात ज्यांची जागा बदलली, किंवा जागा तीच राहिली पण भोवतालचं गाव निघून गेलं, त्यांच्या मनाचं पुढं काय होतं, हा त्यांचा विषय. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके निवडले, कारण माणूस हलण्याचे जितके प्रकार असू शकतात ते बहुतेक सगळे इथं पन्नास-साठ वर्षांत घडून गेले आहेत.

आधी शब्दाचं बघू. 'एकाकीपणा' हा शब्द या भागात मी कुणाही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो छापील शब्द आहे, भाषणातला आणि पत्रिकेतला. लोक म्हणतात, "करमत नाय." या क्रियापदाची गंमत बघा. 'मी करमत नाही' असं म्हणता येत नाही, 'मला करमत नाही' असंच म्हणावं लागतं. करणारा कुणी नसतो. करमणं आपसूक होतं किंवा होत नाही. आणि ते अधांतरी कधीच होत नाही. 'इथं करमत नाही', 'पोराकडं करमलं नाही', 'म्हातारी गेल्यापासून करमत नाही.' जागा किंवा माणूस त्या शब्दाला चिकटूनच येतो. उदासीनता मोजायच्या प्रश्नावलीतला प्रश्न असतो, "तुम्हाला उदास वाटतं का?" त्याला इथलं ठरलेलं उत्तर आहे: "नाय, बरं चाललंय. पोरं करत्यात सगळं." कागदावर शून्य गुण पडतात. तोच प्रश्न "इथं करमतं का, आजी?" असा विचारला की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. विषयाचं दार हे आहे असं माझं मत झालं आहे, आणि पुस्तकाचं नाव त्यातूनच आलं.

आता हलण्याचे प्रकार. पहिला अर्थात धरणाचा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या पाण्यानं पूर्वेकडची शेतं बागायती झाली, आणि पश्चिमेकडच्या महादेव कोळी, ठाकर समाजाची खाचरं, हिरड्याची झाडं, देवस्थानं आणि वाटा गेल्या. काही कुटुंबं लाभक्षेत्रात गेली. काही वर सरकून पाण्याच्या काठावरच राहिली, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेत. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेनं या काठावरच्या लोकांबरोबर गाळपेरीचं, मासेमारीचं आणि पडकईचं, म्हणजे उतारावर भातखाचरं पाडण्याचं, जे काम केलं, त्याला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पोट भरण्याची सोय झाली की करमायला लागतं का, हा प्रश्न तरी उरतोच, पण पोट न भरता करमत नाही हे मात्र नक्की.

दुसरा प्रकार माळीण गावाचा. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर खाली आला, 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. नेहमीच्या वाटेनं गाडी घेऊन आला तर समोर चिखल. वाचलेल्यांसाठी आमडे गावच्या हद्दीत नवं गाव बांधलं गेलं आणि एप्रिल 2017 मध्ये ते लोकार्पण झालं. पक्की घरं, रुंद रस्ते. पण जोराचा पाऊस लागला की तिथली जुनी माणसं झोपत नाहीत, आणि झोपायला सांगण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला, हेही समजत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत बिनआवाजी. मुलगा भोसरीला, चाकणला, मोशीला किंवा कल्याणला. आईबापांपैकी एक गेलं की दुसऱ्याला "एकटं कसं ठेवायचं" म्हणून नेतात. दोन मुलं असली तर महिन्या-महिन्याची पाळी. कधी आई थोरल्याकडं आणि बाप धाकट्याकडं, म्हणजे जमिनीआधी म्हाताऱ्यांची वाटणी. यात मुलांना शिव्या घालणं सोपं आहे आणि व्याख्यानांत ते भरपूर होतं. कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारा, दोन खोल्यांत पाच माणसं सांभाळणारा मुलगा आईला घेऊन जातो तेव्हा तो वाईट काही करत नसतो. त्याच्या हातात जे आहे ते तो देतो. त्याच्या हातात गाव नसतं.

चौथ्या प्रकाराची कुणी नोंदच घेत नाही, कारण त्यात माणूस फार तर दीड किलोमीटर हलतो. पूर्व भागात पाणी आलं तशी कुटुंबं गावठाणातले वाडे सोडून मळ्यात राहायला गेली. माझ्या आईचं हेच झालं. घर मोठं, विहीर दारात, दूध घरचं. पण गावठाणात ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द टाकून जायचा. मळ्यात समोर उसाचा फड. आणि त्या उसात बिबट्या. माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. उसाला पाणी, उसात लपण आणि वस्तीवर कुत्री-शेळ्या, यांमुळं बिबटे इथं पिढ्यान्‌पिढ्या उसातच जन्मतात. तरुण माणूस मोटारसायकलवर येतो-जातो. म्हातारी दिवस मावळायच्या आत कडी लावते. शेजारच्या वस्तीवर हरिपाठाला जाणं बंद, पहाटे काकड्याला जाणं बंद. धरणानं पश्चिमेच्या म्हातारीचं गाव नेलं आणि पूर्वेच्या म्हातारीची संध्याकाळ, असं मी म्हणालो तर जलसंपदा खात्यातले माझे मित्र रागावतात. पण हिशोब चुकलाय कुठं ते दाखवत नाहीत.

आणखी दोन प्रकार थोडक्यात. मुंबईत उभा जन्म काढून, भाजीबाजारात, गिरणीत किंवा डबेवाल्याच्या टोपीखाली तीस-पस्तीस वर्षं घालवून गावी परतलेले. त्यांना चाळीतला गलका आठवतो आणि गावातली निम्मी माणसं ओळखत नाहीत. आणि शेवटचे, जे कुठंच गेले नाहीत. आहुप्याकडच्या एखाद्या वाडीत जन्मापासून त्याच उंबऱ्यावर बसलेला म्हातारा. मुलं गेली, शेजार गेला, शाळेचा पट आटला. चैत्र-वैशाखात जत्रेला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, बैलगाड्यांच्या घाटावर धुरळा उडतो, घरात पंगती बसतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अंगणात जाऊन बघावं. माणूस तसूभर न हलताही त्याचं स्थलांतर झालेलं असतं.

या विषयाचा अभ्यास मात्र दोन वेगवेगळ्या घरांत वाढला, आणि त्या घरांचं एकमेकांकडं जाणं-येणं नाही.

एक घर मनाचा आणि वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांचं. त्याचा पाया एमिल दुर्खिमनं 1897 मध्ये घातला म्हणायला हरकत नाही. आत्महत्येसारखी खासगी वाटणारी गोष्टही माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे यावर अवलंबून असते, हे त्यानं दाखवलं. 1961 मध्ये अमेरिकेत कमिंग आणि हेन्री यांनी मांडलं की म्हातारपणी माणसानं हळूहळू अंग काढून घेणं नैसर्गिक आहे. आपल्याकडच्या वानप्रस्थाची आठवण व्हावी असा हा विचार. तो बराच झोडला गेला ते योग्यच झालं. वानप्रस्थाचा गौरव करणारे बहुतेकजण शहरात राहतात, आणि वनात राहणारे म्हातारे शेवटपर्यंत गुरं वळतात. 1973 मध्ये रॉबर्ट वाइस यांनी एक उपयोगी फरक केला: जिवाभावाचं माणूस नसण्याचा एकाकीपणा वेगळा आणि चार माणसांत स्थान नसण्याचा वेगळा, आणि एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही. भोसरीच्या फ्लॅटमध्ये नातवंडं गळ्यात पडत असतानाही आजी का सुकते, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. 1978 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एकाकीपणा मोजायची प्रश्नावली तयार झाली आणि विषय आकड्यांत आला. जॉन कॅचिओप्पो यांनी पुढं तो मेंदू आणि शरीराशी जोडला: भूक-तहान जशी खुणावते तसा एकाकीपणाही खुणावतो, आणि ती हाक कुणी ऐकली नाही की माणूस लोकांपासून आणखीच आवरून घेतो.

आकड्यांनी मग धक्का दिला. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसं, एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम त्यांच्या जगण्याची शक्यता जवळपास दीडपट निघाली. ब्रिटननं 2018 मध्ये या प्रश्नासाठी मंत्री नेमला, जपाननं 2021 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून 2025 मध्ये सांगितलं की जगात सहांपैकी एक माणूस एकाकी आहे आणि वर्षाला 8 लाख 71 हजार मृत्यूंचा संबंध त्याच्याशी लागतो. त्याच अहवालात तरुणांमधला एकाकीपणा म्हाताऱ्यांपेक्षा जास्त निघाला. म्हातारपण म्हणजे एकाकीपणा हे समीकरण आपण गृहीत धरतो, ते सरसकट खरं नाही.

याच घराची एक खोली जागेचा विचार करते. 1963 हे तिचं महत्त्वाचं वर्ष. शिकागोत अपंग आणि वृद्धांचं एक निवासगृह बंद झालं, तिथल्या लोकांना दुसरीकडं हलवलं, आणि अल्ड्रिच व मेंडकॉफ यांना दिसलं की हलवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अपेक्षेपेक्षा जास्त माणसं मेली. त्याच वर्षी मार्क फ्रीड यांनी बोस्टनमधल्या पाडलेल्या वस्तीबद्दल लिहिलं की तिथले रहिवासी घर गेल्यावर अक्षरशः सुतक पाळल्यासारखे शोक करत होते. पुढच्या अभ्यासांत चित्र एवढं काळं राहिलं नाही. ज्यांना आधी सांगितलं, जागा दाखवली, स्वतः ठरवू दिलं, ते बऱ्यापैकी रुळले. ज्यांना उचलून नेलं ते खचले. ग्रॅहम रोल्स यांनी अमेरिकेतल्या ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्यांसोबत राहून दाखवलं की माणूस जागेत तीन तऱ्हांनी असतो. शरीराला जागा पाठ असते. लोकांच्या लेखी आपण तिथले असतो. आणि आयुष्यभराच्या आठवणी त्या जागेवर ठेवलेल्या असतात. आपल्याकडं या दुसऱ्या तऱ्हेला एकच प्रश्न पुरतो: "कुणाचा रं तू?" गावात हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे म्हातारा. वस्तीच्या वंशावळीचं दफ्तर त्याच्याकडं. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये तो कुणाला "कुणाचा" विचारणार? तिथं त्यालाच विचारतात, "कितव्या मजल्यावर?"

दुसरं घर विस्थापनाचा अभ्यास करणाऱ्यांचं. झांबेझी नदीवरच्या करीबा धरणानं पन्नासच्या दशकात ग्वेम्बे टोंगा लोक उठवले, तेव्हा एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी त्यांच्यासोबत सुरू केलेला अभ्यास कित्येक दशकं चालला. विस्थापनाचा ताण शरीराचा, मनाचा आणि रीतिरिवाजांचा असा तिहेरी असतो, ही स्कडरची मांडणी. नव्वदच्या दशकात मायकेल सेर्निया यांनी आठ धोक्यांची यादी केली: जमीन, काम, घर, अन्न, आरोग्य, सामाईक साधनं, समाजातलं स्थान आणि माणसांची वीण. यादी चांगली आहे, पण मनाला तिच्यात स्वतंत्र रकाना नाही आणि वयालाही नाही.

महाराष्ट्राचा इतिहास या घरात मोठा आहे. 1921 चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापटांचा, याच पुणे जिल्ह्यातला. मग कोयना. 1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यात उठलेल्या पूरग्रस्त वसाहती. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी बसवलेली लातूर-उस्मानाबादची गावं, जिथं रस्ते रुंद झाले आणि दारासमोर दार राहिलं नाही. दत्ता देशमुख, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांची चळवळ उभी केली, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी रुजली, आणि पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये करून महाराष्ट्रानं देशाला वाट दाखवली. हे सगळं लढून मिळालेलं आहे, त्याची किंमत कमी करायची नाही. पण कायद्यानं हिशोब कुटुंबाचा धरला आणि जमिनीचा. कुटुंबातला सत्तर वर्षांचा माणूस त्या हिशोबात मुलाच्या नावामागं उभा राहिला. त्यानं गमावलं होतं ते कुठल्या रकान्यात मांडायचं? वरसूबाई देवीचा मान, पेरणीचा दिवस सांगायचा अधिकार, कुठल्या झाडाचा हिरडा कधी उतरवायचा याचं ज्ञान? नव्या जागी हिरडाच नाही म्हटल्यावर ते ज्ञान त्याच्या अंगावर जुन्या सदऱ्यासारखं लोंबत राहतं.

साहित्यातही हीच दोन घरं दिसतात. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आणि शिरवाडकरांचं 'नटसम्राट' यांनी मध्यमवर्गीय म्हातारपण मराठी मनावर कोरलं. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'नं धरणग्रस्तांचं जग उभं केलं. एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही येतं, हे मात्र आपण क्वचित एकत्र वाचतो. या पुस्तकाची खटपट ती आहे: दोन्ही घरांतली माणसं एका ओट्यावर बसवायची.

भारतातला पुरावा अजून विरळ आहे, पण आहे तो बोलका. 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी झाली, तिला 'लासी' म्हणतात. तिच्यात साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. पूर्वी कधी निदान झालेले मात्र फक्त 0.8 टक्के. दहांतल्या नऊ जणांना आपल्याला उपचार होण्यासारखं काही झालंय याचा पत्ताच नाही. आपल्या शेजारी शिरूर तालुक्यात वढू इथं केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं पन्नाशीपुढच्या हजारो गावकऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास केला; तिथं बायकांची तब्येत आणि समाधान पुरुषांपेक्षा कमी निघालं. हे कळायला अभ्यास लागू नये, पण लागतो. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये लिहिलं की विसरभोळेपणा आणि उदासी लोकांना दिसते, पण ते त्याला आजार म्हणत नाहीत, मुलांनी नीट बघितलं नाही म्हणून झालं असं म्हणतात. जुन्नरलाही हेच ऐकू येतं, आणि म्हणूनच मुलं डॉक्टरकडं न्यायला कचरतात. नेलं की जणू गुन्हा कबूल केला.

एक उदाहरण जवळून सांगतो. जलाशयाच्या काठच्या एका वाडीतल्या आजी, पंचाहत्तरीच्या, भोसरीला चौथ्या मजल्यावर मुलाकडं आल्या. रोज रात्री साडेआठच्या सुमाराला त्या उठून खिडकीपाशी जायच्या आणि विचारायच्या, "गाडी आली का?" सुनेला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. डोक्यावर परिणाम वगैरे काही नव्हता. वाडीत मुक्कामाची एसटी त्या वेळेला यायची. दिवे दिसले की भांडी आवरायची, गाडीतून कोण उतरलं ते बघायचं आणि आडवं व्हायचं. पन्नास वर्षं घरातलं घड्याळ ते होतं. गोष्ट इथं संपली असती तर ती गोड झाली असती. पण चार-सहा महिन्यांनी आजी रात्री संडासची वाट चुकायला लागल्या, चुलीवर दूध ठेवलंय असं सांगायला लागल्या. तपासलं तेव्हा एका डोळ्याला पिकलेला मोतीबिंदू, बी-12 फार कमी, झोप नाही, जेवण निम्मं, आणि या सगळ्याखाली स्मृतिभ्रंशाची सुरुवातही. वाडीत असताना हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण तिथं आठवायचं काम त्यांच्या वतीनं घर करत होतं. अंधारात हात टाकला की तांब्या, तीन पावलांवर चूल, सात पावलांवर गोठा. घर बदललं आणि झाकलेलं उघडं पडलं. मुलगा म्हणतो, "इकडं आणली आणि बिघडली." डॉक्टर म्हणतात, आजार आधीच होता. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि दोघांपैकी एकालाच बरोबर धरलं की आजींचं नुकसान होतं.

डोळ्याचं ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, नैराश्याची गोळी लागू पडली. आजी बऱ्याच सुधारल्या, स्मृतिभ्रंश अर्थात राहिला. हे सांगायचं कारण, "म्हातारपण असंच असतं" या वाक्यानं आपल्याकडं फार माणसं उपचाराविना ठेवली आहेत. म्हातारपणचं नैराश्य रडत येत नाही. ते अंग दुखतं, पोटात आग पडते, अन्न गोड लागत नाही, रात्री दोनला टक्क जाग येते, हातपाय गळाले, असं येतं. मग 'ताकदीचं सलाईन' लावतात. दोन दिवस बरं वाटतं, कारण दोन दिवस कुणीतरी उशाशी बसलेलं असतं. ऐकू कमी येणं हे दुसरं दुर्लक्षित प्रकरण: म्हातारा बोलत नाही असं घरचे सांगतात, त्याला ऐकूच येत नसतं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी 14416 हा टेलिमानसचा आणि 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांक जवळ ठेवावा. "आता जगून काय करायचं" हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी नेहमीचंच, म्हणून सोडून देऊ नये; एकदा शेजारी बसून नीट विचारावं.

उपायांच्या बाबतीत मी वृद्धाश्रमांच्या वादात शिरणार नाही, तो वाद शहरांपुरता आहे. मला जास्त आशा गोव्यातल्या एका कामाची वाटते. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी, ज्या वयस्कांमध्ये नैराश्याची किरकोळ लक्षणं होती, त्यांच्याकडं डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या गावातल्याच माणसांना पाठवलं. त्यांनी अडचण सुटी करून सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी लावल्या, सरकारी योजनेचा कागद भरून दिला. वर्षभरानं पाहिलं तर ज्यांच्याकडं ही माणसं गेली त्यांच्यात 4.4 टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, इतरांत 14.4 टक्क्यांना. या प्रयोगाचं इंग्रजी नाव लहान केलं की 'दिल' असं होतं. आमच्या दोन तालुक्यांत आशाताई आहेत, भजनी मंडळं आहेत, सप्ताह आहेत. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, तिच्यापाशी रोज बसणारी मंडळी आहेत. साधन आहे, कुणीतरी त्याला मूठ बसवायची आहे.

या पुस्तकात काही लेख डॉक्टरांचे आहेत, काही कार्यकर्त्यांचे, काही मुलांनी आपल्या आईबापांविषयी लिहिलेले, आणि बरेच म्हाताऱ्यांनी सांगितलेले, जसे सांगितले तसे. बोली सुधारलेली नाही. 'नाय'चं 'नाही' केलं असतं तर माणूसच बदलला असता. नावं आणि वाड्या मात्र बदलल्या आहेत, त्यामुळं कुणी आपल्या शेजाऱ्याला शोधत बसू नये. डॉक्टर आणि कार्यकर्ते एका लेखात सहमत आणि दुसऱ्यात भांडताना दिसतील. ते भांडण मी मिटवलेलं नाही. बायकांची बाजू पुरुषांपेक्षा जास्त आली आहे, कारण पुरुष 'बरं हाय' म्हणून गप्प बसले. ठाकर वाड्यांमधली कथनं कमी पडली, तो दोष माझा. आणि एक गोष्ट मुद्दाम टाळली आहे: 'आनंदी वार्धक्याचे दहा मंत्र' असलं काही इथं नाही.

प्रस्तावना लिहीत असताना एका कामासाठी घोडेगावला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून स्टँडच्या बाकांवर धोतर-टोपीवाले जरा जास्त दिसतात. एक बाबा पश्चिमेकडच्या गाडीतून उतरले. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "बाबा, आज काय काम काढलं?" "काम काय? आलो आपला." ते माझ्या शेजारी बसले, बंडीच्या खिशातून घडी घातलेला प्लॅस्टिकचा कागद काढला, त्यात शून्य रुपयांची तिकिटं एकावर एक रचलेली होती, आजचं त्यावर ठेवलं. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "हिशेब असावा." मग बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "कुणाचा रं तू?"

मी गाव सांगितलं. मान हलली नाही. वडिलांचं नाव सांगितलं, तरी नाही. मग आजोबांचं सांगितलं.

"बैलं इकायला यायचा त्यो? एक कान फाटका?"

आजोबांचा कान लहानपणी बैलानंच फाडला होता. मी हो म्हटलं. बाबा बाकावर थोडे सरकले, मला ऐसपैस बसायला जागा केली आणि आजोबा गेले ते साल विचारलं. तेवढ्यात तीनची गाडी लागली.